‘वय झालें होतें’

आपल्या वर्तमानपत्रांतून रोज जीं निधनवृत्तें छापून येतात, त्यांत एक शब्द इतक्या वेळां आढळतो कीं, वाचतांना डोळा तेथें थांबतच नाहीं. तो शब्द म्हणजे ‘वृद्धापकाळानें’. अमुक गृहस्थ ऐंशीव्या वर्षीं वृद्धापकाळानें निवर्तले असें छापलें, म्हणजे वाचणाऱ्याचें समाधान होतें. आणि समाचाराला आलेला मनुष्यही ‘वय झालें होतें, सुटले बिचारे’ एवढें बोलून वहाणा पायांत घालतो. वस्तुतः वृद्धापकाळ हा कांहीं रोग नव्हे. मनुष्य मरतो तो हृदय बंद पडल्यानें, मेंदूंत रक्त सांखळल्यानें, फुप्फुसांत पू झाल्यानें, किंवा खुब्याचें हाड मोडून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळल्यानें. यांपैकीं कितीतरी दुखणीं वेळेवर ओळखलीं असतीं तर मरण टळलें असतें. परंतु ‘वय झालें होतें’ हे तीन शब्द एकदां उच्चारले, कीं डॉक्टर, सरकार, मुलगा, सून, शेजारी हे सगळेच एका फटक्यासरशीं निर्दोष सुटतात. या तीन शब्दांविरुद्ध प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे; आणि ती त्याला अहिल्यानगर जिल्ह्यांत घडलेल्या एका घटनेच्या आधारें मांडावयाची आहे.

ता. ६ नोव्हेंबर २०२१ हा भाऊबीजेचा दिवस. ज्या शहराला २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणत व आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथील जिल्हा रुग्णालयांत त्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास कोविडच्या अतिदक्षता विभागास आग लागली. आंत १७ रोगी होते. त्यांपैकीं ११ जण त्याच दिवशीं गेले, व मागाहून हा आंकडा आणखी वाढला. गेलेल्यांत बहुतेक वृद्ध होते. विभाग जुनापुराणा नव्हता. कोविडच्या सांथीसाठींच तो नव्यानें उभारलेला होता. पुढें जें व्हावयाचें तें सर्व यथासांग झालें. राज्य सरकारनें मृतांच्या वारसांस प्रत्येकीं ५ लाख रुपये जाहीर केले; विभागीय आयुक्तांच्या हातीं चौकशी सोंपविली; जिल्हा शल्यचिकित्सकासह कांहीं डॉक्टर व परिचारिका यांवर निलंबनाची व सेवेंतून कमी करण्याची कारवाई केली; आणि पोलिसांनीं एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांस अटक केली.

त्याच वर्षाच्या आरंभीं, ९ जानेवारीस, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या विभागाला आग लागून १० बालकें गेलीं होतीं. विलक्षण योगायोग असा कीं, त्याही विभागांत जीव १७ च होते. एका खोलींतल्या जीवांना अद्याप चालतां येत नव्हतें. दुसरीतल्यांना आतां चालतां येत नव्हतें. धूर कोंडला असतां उठून दाराकडे जाण्याची शक्ति दोहोंपैकीं कोणांतही नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या संरक्षणाची सारी जबाबदारी ज्यांनीं त्यांना तेथें निजविलें त्यांच्यावर होती. भंडाऱ्यानंतर राज्यांतील रुग्णालयांची अग्नितपासणी करण्याचे हुकूम सुटले. एप्रिलांत विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटून डझनाहून अधिक रोगी दगावले. आणि एवढें होऊनही नोव्हेंबरांत नगरची खोली पेटलीच.

आतां वाचकांनीं आपल्याच मनास एक प्रश्न विचारून पाहावा. भंडाऱ्याचीं बालकें आपल्या जितकीं स्मरणांत आहेत, तितके नगरचे वृद्ध आहेत काय? बालकांसाठीं आपण हळहळलों तें योग्यच झालें. परंतु वृद्धांसाठीं आपली हळहळ इतकी लवकर कां आटली? याचें खरें उत्तर द्यावयाचें तर मान खालीं घालावी लागेल. आपल्या मनाच्या एका कोपऱ्यांत असा हिशेब मांडलेला असतो कीं, बालकाचें सारें आयुष्य गेलें, म्हाताऱ्याचीं चारदोन वर्षें गेलीं. पण ते रोगी कांहीं चारदोन वर्षें मोजीत तेथें पडले नव्हते. बरे होऊन घरीं जाण्यासाठीं आले होते. त्यांच्या बहिणींनीं त्या दिवशीं ओंवाळणीचें तबक तयार केलें नसेल असें कोण म्हणेल? वयानें ते मेले नाहींत. ज्या खाटेवर जीव सुरक्षित राहील म्हणून त्यांना निजविलें, तीच खाट त्यांच्या मृत्यूचें स्थान झाली.

आग कधीं काळीं एखादे ठिकाणीं लागते. परंतु ज्या मनोवृत्तीनें ती आग आपण पचविली, ती मनोवृत्ति रोज रात्रीं प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याच्या दाराशीं उभी असते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७,०४८ चौरस किलोमीटर विस्तार, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ४५ लाख ४३ हजार वस्ती. त्या वेळीं राज्यांत साठीवरचीं माणसें शेंकडा दहाच्या सुमारास होतीं. तेंच प्रमाण येथें लावलें, तर या एका जिल्ह्यांत साडेचार लाख वृद्ध होतात, आणि तेव्हांपासून हें प्रमाण वाढतेंच आहे. तरणीं मुलें पोटासाठीं पुण्या-मुंबईकडे जातात. मागें राहतात आईबाप. अकोले तालुक्यांत कळसूबाईच्या पायथ्याशीं राहणाऱ्या म्हातारीला रात्रीं कांहीं झालें, तर जिल्ह्याचें ठिकाण शंभर किलोमीटरांहून बरेंच दूर पडतें. २०१४ सालीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, हा मोठाच उपकार होय. परंतु आरंभीं राज्यभर तिच्या ९३७ गाड्या होत्या, म्हणजे सुमारें एक लाख वीस हजार माणसांमागें एक. समजा, गाडी वेळेवर आली. ती म्हातारीला जवळच्या ग्रामीण रुग्णालयांत नेते. तेथून ‘पुढें न्या’ म्हणून चिठ्ठी मिळते. तेथून आणखी पुढें. या प्रवासांत ‘काय होतें आहे?’ या प्रश्नाच्या आधीं ‘वय काय?’ हा प्रश्न येतो. ऐंशी असें उत्तर मिळालें, म्हणजे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो एक सैलपणा पसरतो, तो ज्यानें आपल्या आईला अशा दारांतून नेलें आहे त्याला निराळा सांगावयास नको.

वय विचारूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तें अवश्य विचारावें. पण हात आंखडण्यासाठीं नव्हे, अधिक सावध होण्यासाठीं. कारण म्हाताऱ्या शरीराचें दुखणें तरुण शरीराच्या भाषेंत बोलत नाहीं. पन्नाशीच्या पुरुषाला हृदयविकाराचा झटका आला, तर तो छाती धरून खालीं बसतो. ऐंशीच्या बाईला तोच झटका आला, तर छातींत कळ येईलच असें नाहीं. नुसता दम लागतो, अंग गळून जातें. फुप्फुसाचा दाह झाला तरी ताप चढत नाहीं. ती जेवण सोडते, चालतां चालतां पडते. मूत्रमार्गांत जंतूंचा शिरकाव झाला, तर काल संध्याकाळपर्यंत नातवाकडून पाढे म्हणवून घेणारे आजोबा आज सकाळीं मुलाला ओळखीत नाहींत. यालाच आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणतात, आणि म्हातारपणीं असें व्हावयाचेंच म्हणून त्यांना कोपऱ्यांतल्या खाटेवर निजवून ठेवतात. वस्तुतः एका रात्रींत आलेला भ्रम हा म्हातारपणाचा धर्म नव्हे. ती धोक्याची घंटा आहे. शरीरांतलें पाणी आटलें असेल, साखर उतरली असेल, एखादें नवें औषध बाधलें असेल, कोठें तरी पू झाला असेल. आणि यांतील पुष्कळ कारणें वेळेवर सांपडलीं तर बरीं होण्यासारखीं असतात.

आणि वेळ तर फारच थोडा असतो. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धावर शक्य तों ४८ तासांच्या आंत शस्त्रक्रिया करावी असें वैद्यकशास्त्र सांगतें. कारण तो जसजसा पडून राहील, तसतसा फुप्फुसांत कफ सांचतो, पाठीला क्षतें पडतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. पक्षाघातांत गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. रक्त पातळ करणारीं औषधें घेणारा म्हातारा न्हाणीघरांत पडून डोकें आपटला, तर बाहेर जखम दिसो वा न दिसो, आंत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. म्हणजे तरुणापेक्षां म्हाताऱ्यालाच घाई अधिक. आणि आपण घाई करतों ती मात्र तरुणासाठीं!

यावर व्यवहारी मंडळींकडून पहिला आक्षेप येतो तो असा. खाटा थोड्या, यंत्रें थोडीं, रोगी फार. मग आधीं कोणाला वांचवावें? ज्याच्यामागें दोन लेंकरें आहेत त्या तिशीच्या बापाला, कीं ज्यांचें सारें झालें आहे त्या आजोबांना? प्रश्न कठीण आहे, आणि तो आपल्यापुरताच नाहीं. मार्च २०२० मध्यें इटलींतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेनें, अगदींच निरुपाय झाल्यास अतिदक्षता विभागांत घेण्यास वयाची मर्यादा घालावी लागेल, असें लिहून प्रसिद्ध केलें. त्याच महिन्यांत इंग्लंडांत जी मार्गदर्शिका निघाली, तिनें नुसतें वय हें माप न मानतां, दुखणें येण्यापूर्वीं मनुष्य कितपत धडधाकट होता, आपलें आपण हिंडत-फिरत होता कीं नाहीं, हें पाहावयास सांगितलें. हीं मतें बरोबर कीं चूक हा वाद निराळा. परंतु तीं उघडपणें कागदावर उतरलेलीं होतीं, व त्यांचा जाब विचारतां येत होता. आपल्याकडे तोच निर्णय कोणी लिहीत नाहीं, त्याखालीं कोणी सही करीत नाहीं. ‘खाट नाहीं’, ‘येथें ठेवून उपयोग नाहीं’, ‘घरीं नेऊन सेवा करा’ असल्या वाक्यांनीं तो आपोआप होऊन जातो. जो निर्णय लिहून ठेवावयास लाज वाटते, तो घ्यावयासही वाटली पाहिजे. शिवाय सांथीच्या त्या महिन्यांतली टंचाई सोडली, तर एरव्हींची टंचाई कांहीं दैवानें धाडलेली नसते. ती अंदाजपत्रकानें केलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक आहे, व म्हणून अधिक आदरानें ऐकण्यासारखा आहे. ‘या वयांत नळ्या आणि सुया कशाला? माणसाला घरच्या माणसांत, शांतपणें जाऊं द्यावें.’ यांत तथ्य आहे, हें आम्ही मोकळेपणीं मान्य करतों. ज्या देहाचें कार्य खरोखरीच संपलें आहे त्याला यंत्राला जखडून ठेवणें ही सेवा नव्हे. सन्मानानें मरण येणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असें सर्वोच्च न्यायालयानेंही ९ मार्च २०१८ रोजीं सांगितलें, आणि मनुष्यानें शुद्धींत असतां आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवली तर ती मानण्याचा मार्ग मोकळा करून दिला. परंतु यांत इच्छा कोणाची, हा मुख्य मुद्दा आहे. ती रोग्याची असली पाहिजे. आणि रोग कोणता, तो बरा होण्यासारखा आहे कीं नाहीं, हें आधीं कळलें पाहिजे. निदान आधीं, निवृत्ति मागाहून. आजोबांना झालेला भ्रम दोन दिवसांच्या औषधानें उतरणारा आहे कीं नाहीं याची चौकशीही न करतां त्यांना ‘शांतपणें जाऊं देणें’ याला वैराग्य म्हणत नाहींत. त्याला हेळसांड म्हणतात.

तिसरा आक्षेप म्हणजे आपला जुना अभिमान. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा मान राखतात, परदेशासारखी गत येथें नाहीं, असें आपण सुशिक्षित लोक बैठकींत बसून म्हणत असतों. ज्या महाराष्ट्राचें दैवत आईबापांच्या सेवेंत गुंतलेल्या पुंडलिकाच्या दारीं विटेवर तिष्ठत राहिलें, त्या महाराष्ट्रांत आतां आईबापच रुग्णालयाच्या दारीं तिष्ठत असतात. आपल्यापैकीं किती जणांना आपल्या आईच्या रोजच्या गोळ्यांचीं नांवें सांगतां येतील? वडिलांना अत्यवस्थ झालें तर काय करावें, हें त्यांनाच एकदां समोर बसून विचारण्याचें धैर्य किती मुलांनीं केलें आहे? आपण विम्याचा हप्ता भरतों, पुण्याहून किंवा परदेशांतून दूरध्वनीवर तोंड दाखवितों, आणि प्रसंग पडला कीं डॉक्टरला म्हणतों, ‘तुम्हीच ठरवा, त्यांचें वय झालें आहे.’ म्हणजे ते तीन शब्द डॉक्टरच्या आधीं आपणच उच्चारलेले असतात.

कायदा नाहीं म्हणावें, तर तोही आहे. पश्चिम बंगालमध्यें आगगाडींतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनीं एकामागून एक, खाट नाहीं म्हणून परत लाविलें होतें. त्या खटल्यांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, सरकारी रुग्णालयानें तातडीचे उपचार वेळेवर न देणें हा संविधानाच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाहीं. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें २० वें कलम तर सांगतें कीं, सरकारी रुग्णालयांत वृद्धांना खाटा मिळाव्या, त्यांची रांग वेगळी असावी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयांत वृद्धांच्या दुखण्यांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखालीं त्यांच्यासाठीं राखीव सोय असावी. मात्र खाटांच्या वाक्यांत एक लहानसा शब्द आहे: ‘शक्यतों’. या एका शब्दाच्या फटींतून सारें कलम निसटून जातें. २०१० पासून केंद्र सरकारची वृद्धांच्या आरोग्याची योजना चालू आहे. तींत जिल्हा रुग्णालयांत १० खाटांचा स्वतंत्र कक्ष सांगितला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहतां, कुटुंबामागें वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचें विमाछत्र जाहीर झालें आहे. हें सर्व चांगलें आहे. परंतु विम्याचें कार्ड दाराच्या आंत गेल्यावर कामास येतें; दाराशींच जो सैलपणा भेटतो त्यावर त्या कार्डाचा कांहीं इलाज चालत नाहीं.

मग हें सुधारणारच नाहीं काय? सुधारतें, याचे दाखले आहेत. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत मार्जरी वॉरन नांवाच्या डॉक्टर बाईंच्या वांट्याला शेजारच्या दरिद्रीगृहांतले ७१४ रोगी आले. त्यांत बहुतेक वृद्ध, आणि ‘आतां यांचें कांहीं होणार नाहीं’ म्हणून वर्षानुवर्षें निजवून ठेवलेले. बाईंनीं कोणतेंही जादूचें औषध आणलें नाहीं. त्यांनीं प्रत्येकाला नीट तपासलें, कोणाला काय झालें आहे याची वर्गवारी केली, ज्यांना बसतां येईल त्यांना बसविलें, चालतां येईल त्यांना चालविलें; आणि त्यांतले कित्येक उठून घरीं गेले. वृद्धांच्या आधुनिक वैद्यकाचा पाया इंग्लंडांत असा घातला गेला. इतक्या दूर जावयासही नको. याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जें काम आरंभिलें, त्यांत खेड्यांतल्या अक्षरओळखही नसलेल्या बायांनीं रोग ओळखावयाचें शिक्षण घेतलें, आणि १९७९ सालीं त्या कामासाठीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्या जिल्ह्यानें खेडुत बाईला गर्भवतीची जोखीम व बालकाचें कुपोषण ओळखावयास शिकविलें, त्या जिल्ह्याला ‘म्हातारी काल बोलत होती, आज बरळते आहे, हिला लगेच हालवा’ एवढें ओळखावयास शिकवितां येणार नाहीं काय?

राहतां राहिला नगरच्या आगीचा न्याय. कोणाचा किती दोष, तें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, व त्यांत आम्ही तोंड घालीत नाहीं. परंतु एवढें म्हटल्याखेरीज राहवत नाहीं कीं, परिचारिका इमारतीचा आराखडा काढीत नाहीं, विजेच्या तारा ओढीत नाहीं, बाहेर पडावयाचें दार कोठें असावें हें ठरवीत नाहीं, आणि अग्निशामक साधनांचा खर्च मंजूर करीत नाहीं. खोलींत जो शेवटचा मनुष्य उभा असतो त्याचा हात धरणें सोपें असतें. ज्या टेबलावर तपासणीचा अहवाल पडून राहतो त्या टेबलाला हात कोण लावणार? रुग्णालयाची तपासणी झाली एवढें सांगून भागणार नाहीं. तपासणींत काय उणें निघालें, तें भरून काढावयास किती पैसा हवा होता, तो कोणाच्या सहीवांचून अडला, हें प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दर्शनीं भिंतीवर लावून ठेवावें. ज्या विभागांतले रोगी उठून पळूं शकत नाहींत, त्या विभागांतून त्यांना खाटेसकट व श्वासयंत्रासकट बाहेर कसें काढावयाचें, याचा सराव वर्षांतून निदान दोनदां व्हावा. नुसत्या भिंतीवर टांगलेल्या लाल नळकांड्यानें कोणी वांचत नाहीं.

आमच्या मागण्या याहून फार मोठ्या नाहींत. वृद्ध रोग्याला दारावरून परत लावावयाचें असेल, तर त्याला आधीं तपासावें, आणि परत लावण्याचें कारण कागदावर लिहून त्याखालीं नांव घालावें. त्या कारणांत ‘वय’ हा शब्द एकटा असतां कामा नये. अपघात विभागांत दिवसरात्र निदान एक तरी मनुष्य वृद्धांच्या दुखण्यांची भाषा जाणणारा असावा. भ्रमिष्ट झालेल्या वृद्धाजवळ त्याच्या घरचें एक माणूस, त्याचा चष्मा व त्याचें श्रवणयंत्र राहूं द्यावें. याला सरकारला एक पैसाही खर्च नाहीं, आणि भ्रम आवरावयास त्याची मदत होते. आणि आपण घरच्या माणसांनीं, औषधांची यादी, पूर्वीच्या दुखण्यांची टिपणें आणि म्हाताऱ्यांची स्वतःची इच्छा, हीं तिन्ही एका पाकिटांत घालून तें दाराजवळ ठेवावें. वेळ येते तेव्हां शोधावयास सवड नसते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती उद्यांपासून करतां येण्यासारखी आहे. घरांत मृत्यु झाला, म्हणजे निधनवृत्त लिहावयास बसतांना ‘वृद्धापकाळानें’ हा शब्द लिहूं नये. काय झालें होतें तें लिहावें. आणि तें लिहितां येत नसेल, तर तें आपल्याला कां माहीत नाहीं, याचा क्षणभर विचार करावा. ६ नोव्हेंबरला नगरच्या त्या खोलींतून ज्यांचे देह बाहेर काढले, त्यांच्याविषयीं तरी हा शब्द वापरण्याची कोणाची छाती झाली नसेल. मग रोज रात्रीं, आगीवांचून, धुरावांचून, एका दारावरून दुसऱ्या दारावर जातां जातां जे संपतात, त्यांच्याविषयीं तो वापरावयास आपली लेखणी इतकी तयार कां असते?